पोटातलं ओठावर

‘सात दिवस जे जे खाल ते सगळं लिहून आणा. खरं लिहा,’ हॉस्पिटलातली मुलगी फोनवर म्हणाली. ‘खरं’ म्हणण्याआधी ती किंचित थांबली. आजवर तिथे आलेल्या सगळ्या जाड माणसांचा अनुभव त्या थांबण्यात होता.

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांची माझी ही पहिलीच भेट. सोबत आणायच्या वस्तू तिने सांगितल्या: जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची यादी, मेडिक्लेमचं कार्ड, ही आहाराची वही आणि घरचं कोणीतरी एक माणूस. पहिल्या चार गोष्टींना मला एक संध्याकाळ पुरली असती, वहीसकट, कारण सात दिवसांची वही मी एका बैठकीत लिहून काढणार होतो. अडचण पाचवीची होती. माणूस न्यायचं तर माणसाला सांगायला हवं, आणि मी तर ही गोष्ट तीन महिने पोटात ठेवली होती. पोट मोठं असल्याचा तेवढाच एक उपयोग.

उंची 168 सेंटिमीटर, वजन 118 किलो, वय 47. वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय येतो. माझा 41.8. हे सूत्र केतले नावाच्या बेल्जियन गृहस्थांनी 1830च्या दशकात मांडलं. मूळचे ते गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ. ग्रहगोलांचा अभ्यास करणाऱ्या माणसाच्या हाती माझं वजन पडावं, यात तसं गैर काही नाही.

माझ्या मुलीच्या जुन्या शंभर पानी वहीत मी सोमवार लिहायला घेतला. ‘सकाळ: चहा 1 कप, पोहे 1 प्लेट. दुपार: पोळ्या 2, भाजी, वरण, काकडी. रात्र: हलका आहार.’ वाचून मलाच माझ्याबद्दल आदर वाटला. वही टेबलावर तशीच राहिली आणि बायकोच्या हाती लागली.

‘कोणाची आहे ही?’ तिने विचारलं.

‘माझी.’

‘नाही, जेवणारा कोण आहे?’

मग मी सगळं सांगितलं. शुगर, गुडघे, तीन महिने चोरून पाहिलेले शस्त्रक्रियेचे व्हिडिओ, सगळं. ती रडेल किंवा चिडेल, अशी मी दोन्हीची तयारी ठेवली होती. तिने पेन मागितलं. पोळ्या 2 चं 4 केलं, चहा 1 चं 5 केलं, काकडीवर काट मारली, आणि ‘हलका आहार’ समोर लिहिलं: ‘मसालेभात, मठ्ठा, पुन्हा मसालेभात.’ पेनाला टोपण लावत ती म्हणाली, ‘रात्री घोरता घोरता तुझा श्वास थांबतो. मग मी जागी राहते, तो परत सुरू होईपर्यंत. ते कुठल्या रकान्यात लिहायचं?’

तसा रकाना वहीत नव्हता. तिने शेवटच्या पानावर लिहिलं. पुढे कळलं की डॉक्टरांना ती नोंद सगळ्यांत महत्त्वाची वाटते. झोपेत श्वास अडकत असेल तर भूल देणाऱ्यांना आधी माहीत असावं लागतं, म्हणून अंगाला वायरी लावून झोपेची तपासणी करतात.

दुसऱ्या दिवशी वहीत तिसरं अक्षर उमटलं. मुलगी बारावीत आहे, रात्री जागते. ‘11.40: बाबा, फ्रिजसमोर, उभ्याने, श्रीखंड. वाटी वापरलेली नाही.’

भावाला मीच फोन केला. तो व्यायामशाळेत जातो आणि ते दुसऱ्यांना कळवण्यातच त्याच्या निम्म्या कॅलरी खर्च होतात. ‘दादा, हा शॉर्टकट आहे,’ तो म्हणाला. मी त्याला माझ्या लांबच्या रस्त्यांची यादी ऐकवली. डॉ. दीक्षितांचं दिवसातून दोनदाच, 55-55 मिनिटांत जेवणं मी केलं; तेवढ्यात काय काय मावतं ते पाहून स्वतःच थक्क झालो. दोष पद्धतीचा नव्हता, मिनिटांचा मी फारच कसून वापर केला. कीटो केलं, तेव्हा पनीरवाल्याने दुकान वाढवलं. सहा महिने रोज पहाटे पर्वती चढलो, आणि उतरल्यावर मिसळ खाल्ली, कारण पर्वती चढलो होतो. वीस वर्षांत मी एकूण साठ किलो तरी कमी केले असतील. पण गेलेलं वजन परत येतं, आणि येताना सोबत पाहुणे घेऊन येतं. यात सगळाच माझा आळस नाही. वजन उतरलं की शरीर भूक वाढवतं आणि खर्च कमी करतं. दुष्काळ पडला असं त्याला वाटतं. त्याला बिचाऱ्याला कुठे माहीत की खाली मिसळ आहे?

‘बरं बाबा, पैसे?’ भावाने विषय बदलला.

विमावाल्याशी मी आधीच बोललो होतो. पॉलिसीच्या अटी वाचून दाखवताना त्याचा आवाज उजळत गेला. बीएमआय 40 च्या वर असेल तर, किंवा 35 च्या वर असून जोडीला आटोक्यात न येणारी शुगर, झोपेतला श्वासाचा गंभीर त्रास असं काही असेल तर, डॉक्टरांच्या सल्ल्याने केलेली शस्त्रक्रिया धरतात. ‘अभिनंदन सर, तुम्ही बसताय!’ गेल्या दहा वर्षांत मी कशात तरी बसतोय, हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

आता आई राहिली होती.

आई कराडला भावाकडे असते. फोनवर सांगण्यासारखी गोष्ट नव्हती, म्हणून शनिवारी गेलो. जेवणाआधी सांगायचं असं ठरवलं होतं. सांगितलं अर्थातच जेवणानंतर. ती आधी काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘माझ्या हातचं खाऊन झालं का रे हे?’

आई, तुझं नाही, माझं चुकलं, वगैरे मी म्हणून पाहिलं. पण चौकशीची सूत्रं तिने हातात घेतली होती. ‘पोट काढून टाकणार?’

‘सगळं नाही. दुर्बिणीतून करतात. साधारण पंच्याहत्तर ते ऐंशी टक्के जठर काढतात, उरतं ते केळ्यासारखं.’

‘कुठलं केळं? वेलची की जळगावचं?’

इतका मुद्द्याचा प्रश्न मला एकाही व्हिडिओत सापडला नव्हता. मी चाचरत जळगाव म्हणालो. तिला जरा हायसं वाटलं. त्या भरात मी तिला भुकेचं शास्त्र सांगू लागलो: भूक लावणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक असतं, जपानी शास्त्रज्ञांनी ते 1999 मध्ये शोधलं, ते जास्त करून जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं आणि नेमका तोच भाग काढतात, त्यामुळे भूकही कमी होते.

‘भूक कमी करायला ऑपरेशन?’ आई म्हणाली. ‘तू तिसरीत जेवत नव्हतास म्हणून भूक लागायचं टॉनिक आणलं होतं तुझ्या वडिलांनी. दोन बाटल्या.’ थोडा विचार करून तिने निदान केलं, ‘दुसरी नको होती द्यायला.’

मी पॅन्टच्या खिशातून पथ्याचा कागद काढला. शस्त्रक्रियेनंतर आधी नुसते पातळ पदार्थ, मग घोटलेलं, मग मऊ, आणि काही आठवड्यांनी घास चावून चावून रोजचं जेवण. जेवताना पाणी प्यायचं नाही. एका वेळी चार-पाच चमचे. आईने चष्मा लावून कागद दोनदा वाचला आणि तिचा चेहरा पालटला.

‘अरे, हे तर उष्टावणानंतरचं आहे! आधी पेज, मग नाचणीचं सत्त्व, मग गुरगुट्या भात. तुझं मीच केलं होतं.’

‘आई, त्यात प्रथिनं जास्त लागतात.’

‘मग मुगाचं कढण. तू मला काय शिकवतोस?’

अशा रीतीने सत्तेचाळिसाव्या वर्षी माझं पुन्हा बाळ व्हायचं ठरलं. तसंही माझं बाळसं कधी उतरलंच नव्हतं. उठता उठता तिने वही ओढली आणि शनिवारच्या पानावर शाईच्या पेनाने लिहिलं: ‘पुरणपोळ्या 5, साजूक तूप, घरचं.’ त्या लिहिण्यात कबुली किती आणि अभिमान किती, मला अजून कळलेलं नाही.

आत्याला सांगायचं नाही असं ठरलं होतं. आईच्या पोटात ही गोष्ट चाळीस मिनिटं राहिली. आत्याच्या माहितीत बायपास दोनच, एक हृदयाचा आणि एक हायवेचा. पोटाचाही असतो आणि तो 1966 मध्ये अमेरिकेत मेसन नावाच्या सर्जनने पहिल्यांदा केला, हे मी सांगेपर्यंत ती पुढे गेली होती. ‘गडकरींनीपण वजनाचं ऑपरेशन केलं होतं ना रे? पेपरात आलं होतं.’ 2011 साली तशी बातमी आली होती खरी. ‘मग काही होत नाही,’ आत्याने निकाल दिला. पाच वैद्यकीय लेख वाचून मला न मिळालेला धीर तिला एका मंत्र्याने दिला होता.

भेटीच्या दिवशी एका माणसाऐवजी आम्ही चौघं गेलो. तिथल्या खुर्च्यांना हात नव्हते. जाड माणूस खोलीत शिरला की आधी खुर्चीचे हात बघतो. बसणं सोपं असतं, उठताना खुर्ची सोबत येते. इथे मी ऐसपैस बसलो. अर्धी भीती तिथेच गेली. वजनाच्या वेळी मी बूट, पट्टा, पाकीट, घड्याळ सगळं काढून ठेवलं. ‘चष्मापण काढ,’ आई मागून म्हणाली. त्यामुळे आकडा मला दिसला नाही, नर्सने तो मोठ्याने वाचला.

आहारतज्ज्ञ बाई तरुण होत्या. वही उलटताना त्यांच्या भुवया हळूहळू वर गेल्या. ‘यात चार जणांची अक्षरं आहेत. हे शाईतलं कोणाचं?’ आईने शाळेत करतात तसा हात वर केला.

डॉक्टर थोडकं बोलले. स्लीव्ह, म्हणजे ते केळ्यासारखं जठर, की बायपास हे एंडोस्कोपी झाल्यावर ठरेल. ॲसिडिटीचा त्रास फार असेल तर स्लीव्हने तो वाढू शकतो. सोनोग्राफी, थायरॉइड, बी-12, झोपेची तपासणी, मानसोपचारतज्ज्ञांशी एक बैठक. जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर. आणि हो, त्याआधी चार किलो कमी करून या. वजन कमी करायच्या शस्त्रक्रियेसाठी वजन कमी? कारण साधं निघालं. माझ्यासारख्यांचं यकृत चरबीने सुजलेलं असतं आणि ते जठराच्या वाटेत आडवं येतं. काही दिवस पथ्य पाळलं की ते आक्रसतं आणि दुर्बिणीला जागा देतं. मी तिथल्या तिथे मोबाइलवर हिशेब केला. 114 किलोला बीएमआय 40.4 येतो. मी अजूनही बसतो.

पथ्य दुसऱ्या दिवसापासून आहे. वही पुढे चालू ठेवायला सांगितली आहे. भेटीच्या दिवसाची शेवटची नोंद अशी आहे: ‘दुपारी 1.20, हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये, गाडीत, आईच्या डब्यातले धपाटे 3, लोणी.’ अक्षर माझं आहे.