तेहतिसांचं वाण

नौपाड्यात कुणी ‘केबिन’ म्हटलं की समोरचा विचारतो, ‘म्हणजे बी केबिनपाशी का?’ रेल्वेच्या सिग्नल केबिनीवरून पडलेलं हे नाव. केबिनीकडे बघायला कुणाला वेळ नाही, पण रिक्षावाल्याला पत्ता तोच सांगायचा. त्यामुळे माझ्या मेहुण्याने जेवणाच्या टेबलाभोवती मोबाइल फिरवत ‘यंदा सगळ्यांनी मिळून एका रस्टिक केबिनमध्ये राहायला जायचं’ अशी घोषणा केली, तेव्हा रेल्वेतून निवृत्त झालेले माझे चुलत सासरे हातातला घास खाली न ठेवता म्हणाले, ‘राहायला कशाला? चालत जाऊन येऊ की.’

ही गोष्ट २०२३ सालची. त्या वर्षी अधिक श्रावण आला होता, १८ जुलै ते १६ ऑगस्ट. ज्यांना जावई नाही आणि जे स्वतः कुणाचे जावई नाहीत, अशा सुखी माणसांसाठी थोडा खुलासा करतो. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा अकराएक दिवसांनी तोकडं पडतं. तीन वर्षांत तेहतीस दिवसांची थकबाकी साठते. पंचांगकर्ते ती एक महिना जादा घालून फेडतात आणि सासरे तेहतीस अनारसे घालून. वाण सच्छिद्र असावं असा दंडक आहे. म्हणून अनारसे, बत्तासे, म्हैसूरपाक. वर चांदीचं निरांजन किंवा ताम्हन. पद्धत जुनी आहे, सुटसुटीत आहे आणि जावयाच्या दृष्टीने भक्कम आहे. त्या आधीचा अधिक महिना २०२० च्या आश्विनात आला होता. करोनामुळे तेव्हाचे माझे अनारसे सोसायटीच्या फाटकावर वॉचमनच्या हाती पोचते झाले होते, सॅनिटायझरचा फवारा घेऊन. निरांजन ‘परिस्थिती निवळल्यावर’ देऊ असं ठरलं होतं.

परिस्थिती निवळली, पण मधल्या काळात चांदी किलोला सत्तर हजारांच्या वर गेली. सासरे म्हणाले, ‘जावईबापू, वस्तू काय, कपाटात काळ्या पडतात. यंदा आपण अनुभव देऊ.’ अनुभव म्हणजे काय, हे यादी पूर्ण झाल्यावर कळलं. सासऱ्यांची चार भावंडं, सासूबाईंची तीन, त्यांची मुलं, सुना, जावई, नातवंडं, एक आजेसासूबाई आणि ‘ती एकटी घरी काय करणार’ या सदरात मोडणाऱ्या दोन मावश्या. मी सहज मोजली. मला वगळून बरोबर तेहतीस.

मग आहाराचा प्रश्न आला. वाचकांना आठवत असेल, त्या वर्षी महाराष्ट्रात गटारी नक्की कधी यावरून घराघरांत दोन पक्ष पडले होते. अधिक श्रावण १८ जुलैला लागला, निज श्रावण १७ ऑगस्टला. आदली अमावास्या कुठली धरायची? डोंबिवलीच्या साडूंचा युक्तिवाद असा की अधिक महिन्यात लग्न नाही, मुंज नाही, वास्तुशांत नाही. शुभकार्याच्या हिशेबात तो नाही तर उपासाच्या हिशेबात का? यावर सासूबाईंनी उत्तर दिलं नाही, फक्त त्यांच्या ताटात कारल्याची भाजी वाढली. शेवटी जिथे जायचं होतं त्या मालकांनी फोनवर विचारलं, ‘व्हेज किती, नॉनव्हेज किती?’ मेहुण्याने कागद बघून सांगितलं: दोन्ही श्रावण पाळणारे अकरा, फक्त निज पाळणारे नऊ, सासूबाईंसमोर पाळणारे सहा, कांदा-लसूण वर्ज्य असणारे चार आणि ‘कोंबडी चालेल पण भांडं वेगळं हवं’ असे तीन. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग आवाज आला, ‘साहेब, पिठलं करतो.’

जुलैचा शेवटचा शनिवार. सकाळी सहाला गोखले रोडवर दोन टेम्पो ट्रॅव्हलर आणि दोन मोटारी उभ्या. आपण साधेपणा अनुभवायला निघालो आहोत, हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून सामान बेताचं घेतलं होतं. वीस लिटर पाण्याचे सहा जार, डास मारायच्या चार रॅकेटी, आजेसासूबाईंची कमोडची खुर्ची, मिक्सर, ब्लूटूथ स्पीकर, आणि ‘तिकडे चहा कसा असेल कोण जाणे’ म्हणून गवती चहाची अख्खी जुडी. ही जुडी आमच्या सोसायटीच्या कुंडीतून उपटून गावाकडे नेली जात होती.

दुर्गाडीच्या पुलावर सव्वा तास गेला, शहाडला चाळीस मिनिटं. चुलत सासऱ्यांनी खिडकीतून रांगेकडे पाहत सांगितलं की १६ एप्रिल १८५३ रोजी देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून आपल्या ठाण्याला आली. ठाणेकर वाहतूक कोंडीत अडकला की हे सांगतोच. त्याला तेवढाच आधार असतो. कल्याण-मुरबाड रेल्वे अजून कागदावरच धावते आहे, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

टोकावड्याच्या अलीकडे, आत दोन किलोमीटर, ते घर. फोटोतल्यासारखंच होतं: कौलारू, पडवी, झोपाळा, सारवलेली जमीन, मागे विहीर. फरक एवढाच की फोटो डिसेंबरातला होता आणि आम्ही जुलैतले. दारातच पर्यटन संचालनालयाचं नोंदणी प्रमाणपत्र चौकटीत लावलेलं. राज्य सरकारने २०२० साली कृषी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यातलं. कल्पनेला माझा विरोध नाही. बारामतीकडे पांडुरंग तावरे यांनी हा प्रयोग सुरू केला त्याला वीस वर्षं होऊन गेली आणि शेतकऱ्याच्या हातात भाताशिवाय चार पैसे पडत असतील तर शहरातल्या माणसाने जरूर जावं. तेहतिसांनी एकदम जावं की नाही, यावर धोरण गप्प आहे.

मालक वागायला फार चांगले. ते स्वतः शेजारच्या घरात राहतात. स्लॅबचं, दोन मजली, इन्व्हर्टर, गच्चीवर डिश. ‘पाहुणे आले की टीव्ही आतल्या खोलीत नेतो,’ ते मला म्हणाले, ‘गावपण राहावं म्हणून.’ मी विचारलं, या कौलारू घरात तुम्ही कधी राहात होता? ‘आम्ही ना? स्लॅब पडला त्याच दिवशी बाहेर पडलो, साहेब. गळायचं ना.’

रात्री साडेनऊला आम्हालाही ते कळलं.

पहिला थेंब डोंबिवलीच्या साडूंच्या कपाळावर पडला, दुसरा मेहुण्याच्या लॅपटॉपवर. मग ठिकठिकाणी सुरू झालं. टोप आले, घमेली आली, मिक्सरचं भांडं आलं. प्रत्येक भांड्याचा सूर वेगळा. लाईट गेलेली. तेहतीस माणसं भिंतीला चिकटून उभी आणि मधली सारवलेली जमीन हळूहळू शेणाकडे परत जात होती. मामेसासऱ्यांनी विजेरी वर मारून सांगितलं की ही मंगळुरी कौलं, बासेल मिशनने मंगळुरात १८६५ साली पहिला कारखाना काढला, एकेक कौल दुसऱ्यात अडकतं, त्यामुळे सहसा गळत नाही. माहिती अचूक होती. तेवढ्यात त्यांच्या चष्म्यावर थेंब पडला.

सासरे माझ्याकडे वळून दिलगिरीने हसले. आणि मला एकदम उलगडलं. अधिक महिना, सच्छिद्र वाण. इतरांच्या सासऱ्यांनी अनारसे दिले, माझ्या सासऱ्यांनी छप्पर दिलं.

गळती कशी थांबवायची यावर निदान दहा सूचना आल्या. त्यातल्या चार यूट्यूबवरच्या होत्या आणि रेंज नव्हती. तेव्हा कोपऱ्यात मोड्यावर बसलेल्या आत्येसासूबाई उठल्या. वय अठ्ठ्याहत्तर. ‘कांडपाची काठी आहे का कुठे? नसेल तर वाळत घालायची द्या,’ म्हणाल्या. पदर खोचला, पाटावर चढल्या, पाटाला मेहुणीने धरलं. त्यांनी विजेरी बंद करायला लावली. अंधारात वर पाहत राहिल्या, वीज चमकली तशी एक फट उजळली, आणि त्यांनी काठीचं टोक नेमकं तिथे टेकवून कौल बोटभर वर सरकवलं. खट्ट. थेंब थांबला. ‘मांजर गेलं असेल वरून,’ त्या म्हणाल्या आणि पाट पुढच्या थेंबाखाली सरकवायला सांगितला. अर्ध्या तासात सहा जागा झाल्या. सातवं कौल तडकलेलंच होतं, तिथे टोप राहिला.

‘तुम्हाला कसं हो येतं हे?’ धाकट्या सुनेने विचारलं.

‘घंटाळीच्या घरी रोज रात्री हेच नव्हतं का? ह्याला विचार की,’ आत्येसासूबाईंनी काठी आपल्या भावाकडे रोखली. ‘तेव्हा ह्याचे पैसे मात्र पडत नव्हते.’

सासरे टोपात साठलेलं पाणी पडवीत ओतायला गेले. त्यांचं कारण असं, की घंटाळीचं ते कौलारू घर पाडून तिथे चौदा मजली इमारत उभी राहावी यासाठी चार वर्षं भावंडांच्या, भाडेकरूंच्या आणि महापालिकेच्या मागे लागलेले गृहस्थ तेच. झोपाळा त्यांनीच भंगारात दिला. पडवी चटईक्षेत्रात गेली. आता त्याच पडवीसाठी, झोपाळ्यासाठी आणि गळक्या कौलांसाठी डोक्यामागे अठराशे रुपये मोजले होते, नाश्त्यासह. नौपाड्यात गेल्या पंचवीसएक वर्षांत किती कौलारू घरं गेली, याची यादी कुणी करत बसू नये. करायचीच झाली तर आधी आपापल्या सासऱ्यांपासून करावी.

पहाटेचा प्रसंग थोडक्यात सांगतो, कारण तो सविस्तर सांगण्यासारखा नाही. संडास दोन. चुलत सासऱ्यांनी पाच वाजता ताबा घेतला. कडीला लाल पंचा म्हणजे थांबा, हिरवा म्हणजे या. प्रत्येकी सहा मिनिटं, आजेसासूबाईंना एक्स्प्रेसचा दर्जा, लहान मुलं लूप लाइनवर. पडवीतल्या खुर्चीवरून ते दोन्ही दारं सांभाळत होते. साडेआठपर्यंत तेहतीसच्या तेहतीस गाड्या वेळेत सुटल्या. चौतिसावी माझी. जावयाचा मान म्हणून मला थांबवून ठेवलं होतं. शेवटी निवांत जाता यावं म्हणून.

त्यानंतर पाटाभोवती रांगोळी घालून मला खरंच वाण देण्यात आलं. सासूबाईंनी अनारसे घरून करून आणले होते. तांदूळ तीन दिवस भिजवून, गुळात मळून, खसखशीवर थापून, सगळं रीतसर. पण दमट हवेने पीठ बिघडलं आणि तुपात पडताच बहुतेक अनारसे हसले. हसले म्हणजे विरघळून पसरले. ज्यांनी केले आहेत त्यांना कळेल. तेहतीसपैकी धड अकरा उरले. सासूबाई हिरमुसल्या. मी म्हटलं, ‘आई, अकरा दिवस एका वर्षाचे, बाकी बावीस पुढे जमा धरू.’ त्यांना बरं वाटलं. पुढे जमा धरण्याचं हे वाक्य मला किती महागात पडणार आहे, ते तेव्हा कळलं नाही.

नाणेघाट बघायचा ठरला होता. वैशाखऱ्याच्या पुढे पायथ्याशी गाड्या थांबल्या, धुकं असं की शेजारचा साडू दिसेना. वर कुणीच गेलं नाही. मामेसासऱ्यांनी मग गाडीतच नाणेघाट दाखवला: वर जकातीसाठीचा दगडी रांजण आहे, आणि गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख. यज्ञात किती गायी दिल्या, किती घोडे, किती हत्ती, किती कार्षापण, सगळे आकडे दगडात कोरलेले. मला त्या राणीबद्दल एकदम आपुलकी वाटली. एवढं खटलं घेऊन कार्य पार पाडायचं आणि नंतर कुणी ‘माझे दोनशे कुठे गेले’ म्हणू नये, यासाठी हिशेब खडकावरच लिहायला हवा. आमचा हिशेब व्हॉट्सॲपवर होता. दोन चहा, एक पंक्चर आणि ‘कोंबडीचं वेगळं भांडं’ यांचा वाद दिवाळीपर्यंत चालला.

परतताना मालकांनी मला बाजूला घेतलं. ‘साहेब, नौपाड्यात वन बीएचके काय भावाने पडेल? पोरगं म्हणतं, इथे पावसात राहवत नाही.’ मी आकडा सांगितला. त्यांनी एकदा आपल्या कौलारू घराकडे पाहिलं, एकदा सासऱ्यांकडे, आणि म्हणाले, ‘पुढच्या वेळी पन्नास जण आणा.’

तर आता मुद्द्याचं. पुढचा अधिक महिना ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून २०२६. घरच्या ग्रुपवर मतदान सुरू झालं आहे: केबिन की निरांजन. सध्या केबिनला तेहतीस, निरांजनाला एक. तारीख शनिवार, ३० मे निघाली आहे. अधिक महिन्यात लग्न-मुंज नसल्यामुळे मला ‘आधीच आमंत्रण आहे’ असंही सांगता येत नाही. तेव्हा नौपाडा, पाचपाखाडी किंवा अगदी डोंबिवलीतल्याही कुणा वाचकाच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा त्या दिवशी असेल, तर कृपया मला कळवावं. पार्किंगच्या वादात मी दोन्ही बाजूंनी बोलेन, इतिवृत्त लिहीन, आणि चहाही स्वतःचा घेऊन येईन.