ठोकळ्याबद्दल खुलासा

ती. अण्णांस शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुमचा आक्षेप पोचला. चाळिशी उलटलेल्यांनी घट्ट कपड्यांतल्या वीरांची चित्रं कसली वाचायची, आणि वाचायचीच तर सुटे अंक वाचून रद्दीत द्यावेत, बांधीव खंडांनी कपाट कशाला अडवायचं? वयाचा मुद्दा बिनतोड आहे, सोडून देतो. रद्दीचा मात्र मान्य नाही. रॉबर्ट कर्कमनने ‘इन्व्हिन्सिबल’ ही चित्रकथा 2003 ते 2018 अशी पंधरा वर्षं चालवली, 144 अंक झाले. एका अंकात पानं वीस-बावीस. चहा निवायच्या आत अंक संपतो आणि मग पुढच्याची वाट बघायची. अशा वाचनात मारामाऱ्या तेवढ्या लक्षात राहतात, घर विसरायला होतं. आणि ही गोष्ट मुळात घराचीच आहे.

नोलन ग्रेसन हा विल्ट्रम नावाच्या ग्रहावरून येऊन अमेरिकेत स्थायिक झालेला गृहस्थ. बायको इथलीच. जगाला दाखवायचा त्याचा व्यवसाय म्हणजे (हसू नका) प्रवासवर्णनं लिहिणं. मुलगा मार्क बर्गरच्या दुकानात कामाला. एके दिवशी तो कचऱ्याची पिशवी भिरकावतो, ती आभाळात दिसेनाशी होते, आणि बापाची शक्ती आपल्यात उतरल्याचं त्याला कळतं. जेवणाच्या टेबलावर तो हे सांगतो, तेव्हा आईबाप सहामाहीचा निकाल ऐकावा तसं ऐकून घेतात. पहिल्या वाचनात हा निव्वळ विनोद वाटतो. सातव्या अंकात हाच बाप आपल्या सहकारी वीरांना ठार मारतो. वाचकाला हे ठाऊक, पोराला नाही. पुढे बाप सांगून टाकतो की, आपण इथे राखण करायला नाही, हा ग्रह ताब्यात घ्यायला आलोय. मग बाराव्या अंकात पोराला अर्धमेला करतो आणि स्वतःच रडत निघून जातो. एवढं वाचल्यावर ते जेवण पुन्हा बघावंसं वाटतंच. त्या वेळी बापाचा चेहरा कसा होता? खंड कपाटात असेल तर हात लांब करायचा अवकाश. रद्दीवाल्याच्या मागे कोण धावणार?

तुम्ही म्हणाल, खरी गोडी ‘क्रमशः’मध्ये. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ही ‘करमणूक’मधून क्रमशःच आली होती. खरं आहे, पण आपल्या घरात ती पुस्तक म्हणूनच आहे ना? तरी तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते अनेक खंड एकत्र बांधलेल्या हजारावर पानांच्या ठोकळ्याला लागू पडतं. त्यात अठ्ठेचाळीसएक अंक एकापाठोपाठ एक. प्रत्येक अंक शेवटच्या पानावर धक्का देण्यासाठी रचलेला, त्यामुळे दर वीस पानांनी खड्ड्यातून एसटी गेल्यासारखं होतं. म्हणून आम्ही पातळ खंडांच्या बाजूचे. एकेकात चार-पाच अंक, आणि सुरुवातीच्या खंडांची नावं जुन्या अमेरिकन टीव्ही मालिकांवरून घेतलेली: ‘फॅमिली मॅटर्स’, ‘एट इज इनफ’, ‘परफेक्ट स्ट्रेंजर्स’. हा घरगुती मामला आहे, हे मुखपृष्ठावरच कबूल केलंय. दुसरा खंड आठव्या अंकाशी संपतो. खून झालेले आहेत, पोरगा अजाण आहे आणि आपल्याला दिवा मालवून झोपायचंय. एवढं ‘क्रमशः’ पुरे की! एक नुकसान मात्र खरं. सुट्या अंकांत छापलेली वाचकांची पत्रं खंडात गाळलेली असतात. तुमच्यासारख्या पत्रलेखकाला ते जास्तच लागेल.

डिसेंबरात येताना पहिले तीन खंड आणतो. ठोकळा आणणार नाही, 23 किलोंच्या बॅगेत आईचे बदाम आधी. जेवणाच्या पानावर खूण घालून ठेवली आहे. तिसरा खंड संपेपर्यंत तिकडे पुन्हा फिरकू नका.

ती. सौ. आईस नमस्कार. कळावे, आशीर्वाद असावा.

तुमचा,
धाकटा