बापूंचा बफर

कोचीला जायचं ठरलं, असं म्हटलेलं बापूंना चालत नाही. 'तत्त्वतः ठरलं' म्हणायचं. तत्त्वतः ठरणं आणि प्रत्यक्ष निघणं यांच्यामध्ये जो काळ असतो, तो बापूंचा. त्या काळात त्यांचे गुडघे दुखत नाहीत आणि सोसायटीच्या टाकीवरून भांडायलाही ते खाली येत नाहीत. तुमच्याकडेही एक बापू असणारच. नसले, तर तुम्ही अजून ग्रुपने कुठे गेलेलाच नाहीत.

जानेवारीत जाऊ, असं आम्ही पहिल्याच बैठकीत म्हणालो होतो. बापूंनी ते टिपून घेतलं आणि बाकीचे महिने रीतसर बाद करायला घेतले. जूनमध्ये मोसमी पाऊस देशात शिरतो तोच केरळातून. ऑक्टोबरात परतीचा. सप्टेंबरात पितृपक्ष. डिसेंबरात नाताळची गर्दी. एप्रिल-मेबद्दल त्यांनी फक्त कपाळ पुसून दाखवलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये मुन्नारजवळचं एरविकुलम उद्यान बंद असतं, कारण तिथल्या नीलगिरी ताहरांचा, म्हणजे त्या डोंगरी शेळ्यांचा, तो विणीचा हंगाम. "बाळंतिणीच्या घरी आपण गर्दी करायची का?" बापूंनी विचारलं. नको म्हणालो. जानेवारी मंजूर झाला.

मग वार. मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद. त्याच्या जवळचं १५६८ सालचं सिनेगॉग शनिवारी बंद. रविवारी चर्चमध्ये प्रार्थना. सोमवारी त्रिपुणितुराचा हिल पॅलेस बंद. "उरले मंगळ, बुध, गुरू," बापू चष्मा काढून म्हणाले, "तिन्ही अनुकूल आहेत."

आणि तक्त्यात प्रत्येक ओळीपुढे बफर. चहाला बफर, जेटीला बफर, वॉटर मेट्रोच्या रांगेला बफर. एका दुपारी नुसताच 'बफर' लिहिलेला, त्याच्यापुढे आणखी दहा मिनिटं बफर. वास्को द गामाबद्दल बापूंना फार बरं वाटत नाही. तो १५२४ मध्ये व्हाइसरॉय होऊन आला आणि त्याच वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी कोचीत वारला. बापूंच्या मते हा बफर न ठेवल्याचा परिणाम. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये त्याला पुरलं होतं, पण १५३९ मध्ये त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेल्या. म्हणून तक्त्यात नोंद: 'रिकामी कबर – १० मि. बफर – ५ मि.'

मुळात त्या शहराचाच त्यांना थोडा राग आहे. १३४१ मध्ये पेरियारला महापूर आला, मुझिरिसचं जुनं बंदर गाळाने बुजलं आणि इकडे कोचीला समुद्राची वाट मोकळी झाली, असं मानतात. चिनी, अरब, ज्यू, पोर्तुगीज, डच, गोव्यातून गेलेले आपले सारस्वत, सगळे मग तिथे येत राहिले. "म्हणजे अख्खं शहर अनियोजित!" बापूंनी वही मिटली.

रेल्वेचं तिकीट पूर्वी एकशेवीस दिवस आधी काढता यायचं. नोव्हेंबर २०२४ पासून साठच दिवस आधी. बापूंच्या सुखाचे सरळ साठ दिवस रेल्वेने कापून नेले. त्यांनी मंत्रालयाला पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही. बुकिंग उघडायच्या दिवशी सकाळी आठच्या आधीच त्यांच्या घरात चार मोबाइल आणि दोन लॅपटॉप मांडलेले होते, आणि ऐनवेळी इंटरनेट गेलं तर म्हणून एक माणूस ठाण्याच्या तिकीट खिडकीवर उभा होता. तो बफर मी.

नेत्रावती ठाण्याहून हलली आणि बापू विझले. कोकणातले बोगदे, पूल, खाड्या, आम्ही खिडकीला नाक लावून बसलो, हे वरच्या बर्थवर घोरत होते. कोचीतही तेच. फोर्ट कोचीच्या किनाऱ्यावर चिनी जाळी बघायला सगळे थांबलो. चार-पाच माणसं दोर ओढतात, दोरांना बांधलेले मोठमोठे धोंडे एकामागून एक खाली उतरतात आणि ती अवाढव्य जाळी करकरत पाण्याबाहेर येते. आत ओंजळभर मासे. सगळे "अरे वा" म्हणत होते. बापू समुद्राकडे पाठ करून घड्याळ बघत होते. "नऊ मिनिटं बफर शिल्लक आहे," ते म्हणाले. त्याचं काय करायचं, हे त्यांनाच सुचत नव्हतं.

मुन्नारच्या वाटेवर मात्र माझा संयम सुटला. एकशेतीस किलोमीटरचा रस्ता, त्यात घाट, आणि हा गृहस्थ सारखी गाडी थांबवतोय. पेरियारवरच्या नेरियामंगलम पुलाजवळ वीस मिनिटं. पुढे चीयापारा धबधब्याशी पुन्हा वीस. जानेवारीत त्या धबधब्याला पाणी ते किती! वर मुन्नारला हॉटेल असं धरलेलं, की आमच्या खोल्या तळमजल्यावर. चहाचे मळे गच्चीवरून दिसतात, खोलीतून पार्किंग.

संध्याकाळी तक्ता टेबलावर राहिला होता. मागच्या पानावर पेन्सिलीने, बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: 'अण्णा – दीड तासाच्या वर धरवत नाही. वहिनी – गुडघा, जिना नको. शहा – साखर, अकराला खाणं.' आणि माझ्या नावापुढे: 'घाटात मळमळतं, पुढची सीट. सांगायचं नाही, चिडतो.' पुढची सीट मला मिळाली होती. ड्रायव्हरशी हिंदी बोलायला कुणीतरी हवं, म्हणून.

माणूस वैतागवाणा आहे, हे माझं मत कायम आहे.

परतीच्या गाडीत बापूंचे डोळे पुन्हा लकाकायला लागले. मुन्नारच्या डोंगरांवर नीलकुरिंजी बारा वर्षांनी एकदा फुलते. ती २०१८ मध्ये फुलली होती, म्हणजे आता २०३०. पनवेल यायच्या आत ग्रुपवर यादी आली. सगळ्यांची नावं होती, एकही गाळलेलं नव्हतं. खाली सूचना: 'रेल्वे साठ दिवसांच्या आधी तिकीट देत नाही, हे दुर्दैव. तूर्त तत्त्वतः होकार कळवावा.' अण्णांच्या नावापुढे 'लोअर बर्थ' लिहिलेलं होतं. तोवर अण्णांना नव्वदावं लागलेलं असेल.

यादीवर बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग अण्णांचाच मेसेज आला: 'साइड लोअर नको.'