थोरलीच्या लॉक्सविषयी कसालच्या घरास खुलासा

एडिसन, न्यू जर्सी

ती. आबा आणि आई यांस,

आमच्या थोरल्या लेकीचा फोटो घरी पोचला आणि तिच्या डोक्यात ‘जट आली’ ही गजाल कसाल तिठ्यावरून थेट ओरोसपर्यंत गेली, असं कळलं. देवाला गाऱ्हाणं घालायचं ठरलंय म्हणे. देवाला उगाच त्रास नको म्हणून हा खुलासा पाठवतो. तिच्या डोक्यात काही आलेलं नाही. तिने पैसे मोजून केसांच्या पिळलेल्या बटा, म्हणजे लॉक्स, करून घेतल्यात. जट आणि लॉक्स, दोन्हींत केस सारखेच गुंततात. फरक पडतो तो निगराणीने आणि मर्जीने, आणि एवढंच मला पटवायचं आहे.

माणसाच्या डोक्यावरचे पन्नास ते शंभर केस रोज गळतात. फणी फिरली तर ते निघून जातात. ती बंद झाली तर उभ्या केसांतच अडकून बसतात, वर घाम, तेल, धूळ आणि भंडारा बसतो आणि काही महिन्यांत सगळ्याचा एक घट्ट गोळा होतो. जट म्हणजे यल्लम्मा देवीचं बोलावणं असं आपल्याकडे मानतात, पण यात देवीला काहीच करावं लागत नाही. डॉक्टर लोक या गोळ्याला ‘प्लिका पोलोनिका’ म्हणतात, म्हणजे चक्क पोलंडच्या नावाने. तिथल्या खेड्यांतही जट कापली की आजार उलटतो अशी पक्की समजूत होती, आणि एकोणिसाव्या शतकात क्राकोच्या युझेफ डीट्ल या डॉक्टरांना तिच्याविरुद्ध मोहीम काढावी लागली. सौंदत्तीहून पोलंडला एसटी जात नाही, तेव्हा यल्लम्मा तिथे पोचली कशी, याचं उत्तर ज्याने-त्याने शोधावं. आपल्याकडे महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या (अंनिसच्या) नंदिनी जाधव यांनी दोनशेहून अधिक बायकांच्या जटा कापून त्यांना मोकळं केलं आहे. त्या पूर्वी ब्यूटी पार्लर चालवायच्या. कात्री कुठे चालवावी हे त्यांना कळतं. कोप झाला नाही, मानेवरचा भार मात्र गेला.

आता निगराणीचं सांगतो, कारण ‘आळशीपणाची फॅशन’ हा आबांचा शेरा इथेच खोटा पडतो. डोक्याचे आधी चौकोन पाडतात, आपल्या शेतातल्या कुणग्यांसारखे, आणि प्रत्येक चौकोनातल्या केसांना वेगळा पीळ देतात. पहिले काही महिने बांध राखणं हेच मुख्य काम. शेजारशेजारच्या बटा मुळाशी एकमेकींत शिरतात. त्या दर धुण्यानंतर बोटांनी सोडवाव्या लागतात. हे सोडलं की त्यांचा एकच गोळा होतो, आणि तेव्हा मात्र तुमची जट म्हणायला हरकत नाही. डोकं धुवायचं नाही हा समज तर साफ चुकीचा. बटा सुरुवातीला थोड्या धरू द्यायच्या, मग आठ-पंधरा दिवसांनी मागे काही चिकटून न राहणाऱ्या शाम्पूने धुवायचं आणि आतपर्यंत वाळवायचं. ओल राहिली तर आत बुरशीचा वास धरतो. (तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या कसालात हे कसं जमायचं, हा खरा चिंतेचा विषय, गाऱ्हाणं घालायचंच असेल तर यासाठी घालावं.) मेण वर्ज्य, कारण ते आत साठतं आणि निघत नाही. शिकेकाईची पूड वर्ज्य, तिचे कण अडकतात. आईचं घाण्याचं खोबरेल डोक्याला चोपडणंही वर्ज्य. हे वाक्य लिहिताना हात कापतोय, पण इलाज नाही. मुळाशी पीळ चार-सहा आठवड्यांनी पुन्हा द्यायचा. हौसेने रोज आणि करकचून दिला तर केस मुळातून ओढले जाऊन कपाळाच्या कडेला टक्कल पडतं. रात्री सॅटिनचा रुमाल बांधून झोपायचं, नाहीतर उशीचा कापूस आत गुंततो. आपले केस सरळ आणि निसरडे, त्यामुळे बटा पक्क्या व्हायला वर्षही लागतं. आळशी माणसाने टक्कल करावं, ते सोपं.

उवांचा मुद्दा मात्र मान्य. त्या कुणाच्याही डोक्यात होतात, पण लॉक्समधून फणी फिरत नसल्याने काढणं फार कठीण. ‘दुसऱ्यांचं सोंग कशाला?’ या आक्षेपातही तथ्य आहे. हे केस जमैकाच्या रास्ताफारी लोकांनी श्रद्धेने राखले आणि अमेरिकेत काळ्या माणसांना त्यांपायी नोकऱ्या नाकारल्या गेल्या. म्हणून कॅलिफोर्नियाने जुलै २०१९मध्ये आणि आमच्या न्यू जर्सीने त्याच वर्षी डिसेंबरात केसांवरून भेदभाव करण्याविरुद्ध कायदा केला. हे थोरलीला ठाऊक असलंच पाहिजे, नुसती हौस पुरत नाही. पण ‘मग जट कापता आणि लॉक्स कशा चालतात?’ हा प्रश्न मला पटत नाही. कुणकेश्वराच्या जत्रेत जटाधारी साधू दिसला की आपण पाया पडतो. तोच गुंता गरिबाघरच्या पोरीच्या डोक्यात झाला की तिला देवीला सोडायची भाषा सुरू होते, तिच्या हाती परडी येते, लग्न राहतं. महाराष्ट्रात असं देवीला सोडण्याविरुद्ध २००५चा देवदासी निर्मूलन कायदा आहे. त्या पोरीला ‘नको’ म्हणता येत नाही. थोरलीला उद्या कंटाळा आला तर ती कात्री मागेल आणि घरात कुणीही अंगारा शोधणार नाही.

तेव्हा गणपतीला आम्ही येऊ तेव्हा तिच्या डोक्याला हात लावायचा तर आधी तिला विचारा, आणि जमल्यास तिच्या बटा वाळवायला एक चांगला पंखा माळ्यावरून काढून ठेवा. वाडीत किंवा पंचक्रोशीत कुणा बाईच्या डोक्यात खरोखरच जट असेल तर अंनिसच्या कार्यकर्त्यांना फोन करा. ते पैसे घेत नाहीत.

तुमचा,
बाळा