एक जिना, दोन दारं

चांदोरला कशाला चाललात, असं मडगावात कोणत्याही पर्यटकाला विचारा. उत्तर ठरलेलं : जुना पोर्तुगीज बंगला बघायला. बंगला बांधणारे पोर्तुगीज नव्हते. इथल्याच मातीतले, धर्मांतरानंतर पोर्तुगालच्या राजघराण्याचं ब्रागांझा हे नाव मिळालेले गोंयकार. मंगळुरी कौलं घातली म्हणून रत्नागिरीतलं घर आपण मंगळूरच्या नावावर करत नाही. गोव्यात मात्र चार कमानी आणि एक झुंबर दिसलं, की घर सरळ लिस्बनला पाठवून मोकळे होतो.

चर्चसमोरच्या मैदानावरून बघितलं की दोन डझन खिडक्यांची ओळ संपता संपत नाही. आत एक जिना आणि वर दोन दारं. वाटणीत घराच्या दोन बाजू झाल्या : पूर्वेला ब्रागांझा परेरा, पश्चिमेला मिनेझिस ब्रागांझा. कुटुंबं तिथे राहतात, म्हणजे संग्रहालय असलं तरी आतल्या खोलीत कुकरची शिट्टी होऊ शकते. पाहुण्यांना याचंच मोठं नवल. ‘अजून राहतात?’ असं ते घरच्यांच्या देखतच विचारतात.

पूर्वेकडे नाचाचा दिवाणखाना आहे आणि पोर्तुगालचा राजा दों लुईश यानं घराण्याला दिलेल्या दोन भारदस्त खुर्च्या. देवघरात संत फ्रान्सिस झेवियरचं म्हणून जपलेलं नख. पश्चिमेकडे चिनी भांडी, झुंबरं आणि पुस्तकं. हजारोंच्या संख्येनं पुस्तकं! ती जमवली लुईश द मिनेझिस ब्रागांझा यांनी. 1900 मध्ये ‘ओ हेराल्दो’ हे गोव्यातलं पहिलं पोर्तुगीज दैनिक सुरू करणाऱ्या जोडीतले हे एक. 1911 मध्ये त्यांनी ‘ओ देबाते’ काढलं. आडनाव राजाचं आणि लेखणी प्रजासत्ताकवाल्याची. 1930 मध्ये, पुढे पोर्तुगालचा हुकूमशहा झालेल्या सालाझारनं वसाहत कायदा आणला. परमुलूख ताब्यात ठेवणं हा पोर्तुगालच्या स्वभावाचाच भाग आहे, असं त्यात चक्क लिहून ठेवलेलं. त्यावर याच गृहस्थांनी पणजीच्या विधिमंडळात उभं राहून गोव्याच्या स्वयंनिर्णयाच्या हक्काचा ठराव मांडला. म्हणजे जिन्याच्या एका बाजूला राजाची कृपा, दुसऱ्या बाजूला राज्याशी भांडण. असलं नाट्य लिहून मागितलं तर नाटककार ‘फार योगायोग होतात’ म्हणून नकार देईल.

आणि आपण काय बघतो? खुर्ची. तीही बसता येत नाही म्हणून हिरमुसून. मग झुंबर बेल्जियमचं की व्हेनिसचं, यावर नवरा-बायकोचा छोटा परिसंवाद. मग ‘ह्याची आज किंमत किती येईल हो?’ हा प्रश्न मराठी माणूस ताजमहालातही दाबू शकत नाही. कुणीतरी प्री-वेडिंग शूटचे दर विचारतं. पुस्तकांच्या खोलीत मात्र गर्दी पातळ. बंद कपाटातल्या पुस्तकांच्या पाठी फोटोत काळपट येतात, शिवाय पोर्तुगीज-फ्रेंच वाचता येत नाही, ही सोय आहेच. जणू मराठी असती तर आपण तिथेच मांडी ठोकणार होतो.

घर टिकतं कसं, हे कुणी विचारत नाही. या भाटकारांचा, म्हणजे जमीनदारांचा, डौल जमिनीच्या उत्पन्नावर उभा होता. 1961 नंतर कुळकायदे आले, कसणाऱ्याला जमीन मिळाली, आणि ते व्हायलाच हवं होतं. पण कायद्यानं जमीन गेली, छप्पर मागेच राहिलं. गोव्याचा पाऊस, वाळवी, शिंपल्याच्या तावदानांच्या खिडक्या, त्या दुरुस्त करणारे दुर्मीळ होत चाललेले हात, असा सगळा खर्च घरच्यांच्या गळ्यात. पर्यटन वाढवायला निघालेल्यांच्या माहितीपत्रकात अशा घरांचे फोटो झकास दिसतात. फोटोतलं छप्पर गळत नाही.

म्हणून दारात पैसे घेतात. दोन दारं, दोन घरं, पैसेही वेगळे. इथे आपल्यातला हिशेबनीस जागा होतो. शॅकमध्ये मासळीच्या ताटाला न विचारता पैसे मोजून आलेली मंडळी वरच्या पायरीवर थबकतात. ‘एकाच घराचे दोनदा? त्या बाजूलाही असंच फर्निचर असेल.’ खाली गाडीवाला हॉर्न वाजवत असतो, पुढे अजून मंगेशी व्हायचंय. मग राजाच्या खुर्च्या आणि संताचं नख एवढ्यावर वारी उरकते. ठराववाल्या गृहस्थाचं दार राहून जातं. चहा-भज्यांच्या पैशात सालाझार सुटतो. इतका स्वस्त वकील त्याला लिस्बनमध्येही मिळाला नसता.