न झालेल्या लढतीचे पंच

बॉक्सिंगच्या रिंगमध्ये तीन माणसं असतात. दोन मारणारी आणि एक मोजणारं. चौथा माणूस रिंगच्या बाहेर असतो, आणि या लेखाचा नायक तो आहे. त्याने जन्मात कधी हातमोजा चढवलेला नसतो. तरुणपणी कुणी बाह्या सरसावल्या, तेव्हा नेमकं त्याचं घरी काम निघालं होतं. पण कोणते दोन बॉक्सर कोणत्या साली, किती टक्क्यांवरून, कोणाच्या आडमुठेपणामुळे एकमेकांशी लढले नाहीत, हे त्याला तोंडपाठ असतं. झालेल्या लढतीत त्याला फारसा रस नाही. बारा राउंड म्हणजे पाऊण तास, पुढे काय? न झालेली लढत वर्षानुवर्षं पुरते. तिच्या निकालासाठी रिंगजवळ तीन अधिकृत पंच बसलेले नसल्यामुळे ते काम आपोआप याच्याकडे येतं.

हा माणूस जगात सगळीकडे सापडतो. त्याचे अव्वल नमुने मी पाहिले ते कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोला खेटून असलेल्या डेली सिटीत. गावात फिलिपिनो वस्ती मोठी. तिथल्या सलूनमध्ये केस कापायला गेलं की काळ 2010 चा असो वा 2014 चा, खटला एकच चालू असायचा: अमेरिकेचा मेवेदर आणि फिलिपिन्सचा पॅकियाओ या बॉक्सरांची लढत कोणी मोडली?

क्रिकेटवर वाढलेल्या माझ्यासारख्या मराठी माणसाला आधी वाटायचं, दोघांना लढायचं असेल तर लढतील, नसेल तर नाही. हे मी एकदाच बोलून दाखवलं. सलूनमधल्या सगळ्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं आणि मग मला बसवून संपूर्ण प्रकरण समजावलं.

प्रकरण असं. नोव्हेंबर 2009 मध्ये पॅकियाओने कोटोला बाराव्या राउंडमध्ये लोळवलं. मेवेदर निवृत्तीतून परत येऊन मार्केसला हरवून मोकळा झाला होता. जगाला ही लढत हवी होती. 13 मार्च 2010 ही तारीख निघाली. पैशांची वाटणी निम्मी-निम्मी ठरली. हातमोजे आठ औंसांचे ठरले. वजन 147 पौंडांच्या वर गेलं तर दर पौंडामागे 1 कोटी डॉलर दंड, हेही ठरलं. मानपान, देणंघेणं, मुहूर्त सगळं जमावं आणि सोयरीक मोडावी ती नवऱ्या मुलाच्या रक्ताच्या रिपोर्टवरून, तसं मग झालं. मेवेदरचं म्हणणं, उत्तेजकांसाठी दोघांच्या रक्ताची तपासणी ऑलिम्पिकसारखी व्हावी, कधीही, न सांगता. पॅकियाओचं म्हणणं, लघवी केव्हाही घ्या, पण लढत जवळ आली की रक्त नको. डॅनियल वाइनस्टीन नावाचे एक निवृत्त न्यायाधीश मध्यस्थीला बसले. ताणून ताणून मेवेदरची बाजू ‘लढतीच्या 14 दिवस आधीपर्यंत’ इथे आली, पॅकियाओची ‘24 दिवस आधीपर्यंत’ इथे थांबली. मधल्या दहा दिवसांवरून लढत गेली. आमच्या सलूनला मात्र पाच वर्षांचं काम मिळालं.

पॅकियाओच्या बाजूने वकिली करायचा तो कुया. फिलिपिनो लोक थोरल्या भावाला कुया म्हणतात आणि त्याला सगळेच कुया म्हणायचे. मेवेदरच्या बाजूला एक टोपीवाला होता. मेवेदरच्या ‘द मनी टीम’ची तीन अक्षरं त्याच्या टोपीवर होती, आणि ती टोपी काढावी लागते म्हणून तो केस कापायला यायचा तरी कापून न घेता जायचा.

त्या दिवशी मशीन माझ्या डाव्या कानामागे गुरगुरत होतं.

“चोवीस दिवस,” कुया म्हणाला. “चोवीस दिवसांपर्यंत आम्ही रक्त द्यायला तयार होतो. अजून काय करायला हवं होतं आम्ही?”

या माणसाची ही पहिली खूण. तो ‘आम्ही’ म्हणतो. वाटाघाटीच्या टेबलाशी त्याचीही खुर्ची होती आणि चहा यायच्या आतच बोलणी फिसकटली, असा त्याचा चेहरा असतो.

“ज्याच्या रक्तात काही नाही, त्याला दहा दिवसांचं काय एवढं?” टोपीवाला म्हणाला. “हॅटनशी लढायच्या वेळी दिलंच होतं ना रक्त? चौदा दिवस आधी.”

“चोवीस.”

“चौदा. टीव्हीवर दाखवलंय.”

“टीव्हीवर दाखवलं त्या दिवशी नव्हतं काढलं. आधी काढलेलं नंतर दाखवलं. रक्त दिलं की माणूस ढिला पडतो रे. 2005 साली मोरालेसकडून हरलो ते कशामुळे?”

“आणि अंगावर गोंदवून घेताना सुई चालते?”

“गोंदवताना रक्त बाटलीत जात नाही.”

“कुया,” टोपीवाला खुर्ची पुढे ओढत म्हणाला, “तुझा धंदा काय?”

सलूनमध्ये शांतता पसरली. कारण कुया हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त काढायच्या कामाला होता. त्या क्षणीसुद्धा निळा गणवेश अंगात होता आणि खिशातून दंडाला बांधायची रबरी पट्टी लोंबत होती. सकाळी सातपासून तीनपर्यंत लोकांना ‘काही होत नाही, हातपण भरून येणार नाही, जा कामाला’ असं सांगून तो थेट इथे आला होता.

“ते पेशंट असतात,” कुया जराही न डगमगता म्हणाला. “त्यांना बारा राउंड खेळायचे नसतात.”

एवढ्यावर न थांबता त्याने टोपीवाल्याचा हात धरला, बाही वर केली, पट्टी करकचून बांधली आणि दोन बोटांनी कोपराच्या खोबणीत टिचक्या मारून शीर वर आणली. हे सगळं इतक्या सराईतपणे झालं की टोपीवाल्याने सवयीने मूठ वळली. “आता मार ठोसा,” कुया म्हणाला. “मार. येतोय का जोर?” टोपीवाला पट्टी बांधलेल्या हातानेच हवेत बोटं नाचवत पारदर्शकतेचे फायदे सांगू लागला. सलूनवाल्याने मशीन बंद केलं, आणि बाकावरच्या गिऱ्हाइकांचं मत घ्यायला गेला. तो परत आला तेव्हा माझा कोणता कल्ला झाला होता हे तो विसरला होता. मी त्या दिवशी ऑफिसात एक कल्ला वर आणि एक खाली घेऊन गेलो.

या माणसाची दुसरी खूण म्हणजे त्याची विद्वत्ता. स्वतःच्या घराचा भाडेकरार तो न वाचता सही करतो. गाडीच्या विम्याचे कागद बायको वाचते. पण कराराच्या ज्या मसुद्याला त्याने कधी हातही लावलेला नाही, त्यातलं कलम न् कलम तो समजावून देतो. गरजेप्रमाणे तो वकील होतो, हिशेबनीस होतो, रसायनशास्त्रज्ञ होतो; कोणतं उत्तेजक रक्तात किती दिवस दिसतं हे सांगताना त्याचा आवाज खाली येतो. लढतच न झाल्यामुळे डाव्या हुकवर बोलायची वेळ मात्र त्याच्यावर फारशी येत नाही.

त्यात दोष नाही त्याचा. मुळात बोलणी करणाऱ्यांतही बॉक्सर कुठे होते? पॅकियाओचे प्रमोटर बॉब अ‍ॅरम, हार्वर्डमध्ये कायदा शिकलेले, पूर्वी अमेरिकी सरकारचे वकील. समोरून बोलणारे रिचर्ड शेफर, मूळचे स्विस बँकर. मेवेदरमागचे अल हेमन तर मुलाखतच देत नाहीत. आमच्या सलूनचं हेमनवर फार प्रेम. जो माणूस कधीच बोलत नाही, त्याच्यावर काहीही लादता येतं आणि खुलासा यायची भीती नसते. अ‍ॅरमबद्दल उलट अडचण. ते इतकं बोलतात की दोन्ही पक्षांना पुरावा त्यांच्याच तोंडचा मिळतो.

जुलै 2010 मध्ये तर कमाल झाली. अ‍ॅरमनी मेवेदरला 16 जुलैच्या मध्यरात्रीपर्यंत मुदत दिली आणि आपल्या कंपनीच्या संकेतस्थळावर उलटं मोजणारं घड्याळ लावलं. कुया ते घड्याळ उघडं ठेवून रात्रभर बसला. शून्य आलं, काही झालं नाही. नंतर मेवेदरच्या माणसांनी जाहीर केलं की वाटाघाटी झाल्याच नव्हत्या, एक शब्दही नाही. यावर एचबीओचे रॉस ग्रीनबर्ग म्हणाले, मी 2 मेपासून दोन्ही बाजूंशी बोलत होतो. आता प्रश्न असा पडला की ज्या वाटाघाटी एका पक्षाच्या मते सुरूच झाल्या नाहीत, त्या मोडल्याचा दोष कोणाचा? दुसऱ्या कोणत्याही विषयात इथे चर्चा थांबली असती. आमच्याकडे खुर्च्या कमी पडल्या.

2012 मध्ये मेवेदरने थेट पॅकियाओला फोन केला, 4 कोटी डॉलर उक्ते घे म्हणाला, पे-पर-व्ह्यूच्या, म्हणजे घरी पैसे भरून बघणाऱ्यांच्या, कमाईत वाटा नाही. टोपीवाला म्हणाला, बघा, आम्ही स्वतः फोन केला. कुया म्हणाला, निम्म्याचा मालक होता त्याला मजुरी देऊ करता? डिसेंबरमध्ये मार्केसने सहाव्या राउंडमध्ये एका ठोशात पॅकियाओला तोंडावर पाडलं. जरा वेळ आम्हाला वाटलं, संपला आता वाद. छे. आता वाद असा झाला की 2010 मध्येच लढत झाली असती तर हा दिवस आला असता का, आणि नसता तर जबाबदार कोण.

या सगळ्यात कोपऱ्यातल्या खुर्चीवर एक म्हातारा पेपर धरून बसलेला असायचा. त्याचा खटला जुना होता: लेनॉक्स लुइस विरुद्ध रिडिक बो. 1988 च्या सोल ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत लुइसने बोवर मात केली होती. पुढे बो व्यावसायिक जगज्जेता झाला आणि लुइसशी लढण्याऐवजी डिसेंबर 1992 मध्ये लंडनमध्ये त्याने वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलचा बेल्ट कचऱ्याच्या डब्यात टाकला. व्यावसायिक रिंगमध्ये ते दोघे कधीच समोरासमोर आले नाहीत. म्हातारा तरुणांच्या वादात पडत नसे. “तुमची होईल अजून,” एवढंच तो म्हणायचा. त्यात काळजी असते की शुभेच्छा, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

आणि ती झाली. 2 मे 2015, लास व्हेगास. ती जुळवायला हार्वर्ड आणि स्वित्झर्लंड कमी पडले, शेवटी वेस्ट हॉलिवूडमधल्या एका रेस्टॉरंटातल्या वेटरने पॅकियाओच्या प्रशिक्षकाची आणि एका टीव्ही कंपनीच्या प्रमुखाची गाठ घालून दिली. मध्यस्थीचे पैसे मिळाले नाहीत म्हणून वेटरनेही पुढे दावा लावला. वाटणी आता निम्मी-निम्मी राहिली नव्हती, मेवेदरला 60 आणि पॅकियाओला 40 टक्के.

कुयाच्या घरी सगळे जमलो. चांगल्या चित्रासाठी 99.95 डॉलर मोजायचे होते, ते वर्गणीतून. पान्सितच्या शेवया होत्या, लुंपियाचे रोल होते, कॅराओकेचं मशीन होतं. अमेरिकेत 46 लाख ठिकाणी लोकांनी पैसे भरले होते. एवढा भार केबल कंपन्यांना पेलेना, म्हणून लढत लांबली. त्या मधल्या वेळात उशीर कोणामुळे झाला यावर उत्तम चर्चा झाली. मग लढत सुरू झाली, आणि घरात कुणालाच काही बोलता येईना. मेवेदर सरकत होता, पॅकियाओ शोधत होता, जवळ आले की मिठी. 118-110, 116-112, 116-112. मेवेदर जिंकला.

मी टोपीवाल्याकडे पाहिलं. जिंकलेला पक्ष तो, पण कुयापेक्षा तोच जास्त उतरला होता. पाच वर्षं रोज उघडायचं दुकान कुणीतरी पाऊण तासात बंद केलं होतं. लुंपिया संपल्यावर तो “येतो” म्हणाला आणि टोपी विसरून गेला.

सुदैवाने त्याच रात्री बातमी आली की पॅकियाओचा उजवा खांदा आधीपासून दुखावलेला होता. नेवाडाच्या बॉक्सिंग आयोगाच्या अर्जात खांद्याच्या दुखापतीविषयी विचारलं होतं, तिथे ‘नाही’वर खूण होती. ती खूण कोणी केली? का केली? मेवेदरच्या गोटाला ठाऊक होतं का? सोमवारी सलून उघडण्याआधीच दोघे दारात उभे होते आणि टोपीवाल्याच्या डोक्यावर परत टोपी होती. म्हणजे लढत झाली ती झालीच नाही, असं दोन्ही पक्षांनी एकमताने ठरवलं. देशभरातल्या अशाच प्रेक्षकांनी पैसे परत मागत खटले भरले. 2019 मध्ये अपील न्यायालयाने त्यांना सांगितलं की तुम्ही पूर्ण लढतीचे पैसे दिले, पूर्ण लढत बघितली, निराशा हा खेळाचा भाग आहे. न्यायाधीशांचा कायदा बरोबर असेल. पण या माणसाला निराशेचं दुःख कधीच नव्हतं, त्याला वाईट वाटतं ते निकाल लागल्याचं. म्हणून तो कोपऱ्यातला म्हातारा एवढा निवांत. त्याच्या खटल्याचा निकाल कोणताच पंच लावू शकणार नव्हता.

मग नवा खटला आला. मे 2021 मध्ये इंग्लंडचा बॉक्सर टायसन फ्युरी याने व्हिडिओ टाकून सांगितलं की 14 ऑगस्टला सौदी अरेबियात अँथनी जोशुआशी लढत पक्की. लगेच दुसऱ्या दिवशी लवादाचा निर्णय आला: फ्युरीने आधी वाइल्डरशी तिसऱ्यांदा लढायचं, कराराप्रमाणे. निर्णय देणारे होते निवृत्त न्यायाधीश डॅनियल वाइनस्टीन.

कुयाचा फोन आला. “वाइनस्टीन! आपला वाइनस्टीन!” गावाकडचा माणूस भेटल्याचा आनंद होता आवाजात. जोशुआचं नाव त्याने त्याआधी कधी काढल्याचं मला आठवत नाही. काढलं असेल तर शिवी घालायला. मी विचारलं, तू कोणाच्या बाजूचा? तो म्हणाला, अजून कागद बघतोय. संध्याकाळी सलूनमध्ये पोचलो तर मास्क हनुवटीवर ओढून तो टोपीवाल्याला बजावत होता की आम्ही मार्चमध्येच सही केली होती, आमच्याकडून काहीच बाकी नव्हतं, आणि आमच्या जोशुआचा यात काडीचाही दोष नाही.