जिल्हा कोनचा?

मी सक्षम नाही, असा शेरा परवा माझ्यावर बसला. तब्येतीवरून नव्हे, सातबाऱ्यावरून. अमरावती जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात मी एका हमालाचा जमानतदार म्हणून उभा होतो. गडी बारा वर्षांच्या ओळखीचा. विहिरीवरच्या मोटरची केबल चोरल्याचा आळ. चोरली की नाही ते पुढं ठरेल, खटला अजून सुरूही नाही. जमानत मात्र झाली होती. पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार. मी ऐटीत सातबारा पुढं सरकवला. टेबलामागच्या बाबूंनी मान वर न करता कागदावर बोट ठेवलं.

“जिल्हा कोनचा?”

“अकोला.”

“मंग अकोल्यात द्या जमानत.”

“पन गडी इथं आत हाय ना, साहेब.”

“तो त्याचा प्रश्न.”

आमचं वावर मूर्तिजापूरच्या अलीकडं. बांधावरून ढेकूळ भिरकावलं तर अमरावती जिल्ह्यात पडावं, हात जरा बरा असेल तर. 2022च्या जूनमध्ये याच पट्ट्यात, अमरावती-अकोला हमरस्त्यावर, 105 तास 33 मिनिटांत एकेरी पट्टीनं मोजून 75 किलोमीटर डांबर अंथरलं गेलं. विश्वविक्रम झाला, पेढे वाटले. डांबर लोणीहून निघालं ते मानापर्यंत गेलं, हद्दीवर त्याला कुणी जिल्हा विचारला नाही. गड्याच्या जमानतीचा हुकूम होऊन त्या दिवशी 105 तास केव्हाच उलटले होते, आणि रोलर अजून पहिल्याच टेबलाशी अडकलेला.

मी तयारीनं गेलो होतो. 1978 साली मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. जामीन मिळालेला, दहा हजारांचा जामीनदार मागितलेला, आणि सख्खा भाऊ उभा राहिला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून बाद. न्यायमूर्तींनी या प्रकाराची चांगली खरडपट्टी काढली आणि गवंड्याला हजार रुपयांच्या स्वतःच्या बंधपत्रावर सोडायला लावलं. 45 वर्षं गेली. 2023च्या जानेवारीत त्याच न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं, की स्थानिकच जामीनदार हवा या हट्टापायी सुटका लांबते, अशी अट घालू नये. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर अट सैल करण्याचा विचार कोर्टानं आपणहून करावा, असंही. दोन्हींच्या झेरॉक्सा मी खिशातून काढल्या. बाबूंनी चाळल्या. “चांगलं लिहिलं हाय,” म्हणाले. “कोरा सातबारा हाय का?”

इथं मी हट्टाला पेटलो आणि बाबू वाचनाला. पावणेदोन एकर म्हणजे हेक्टरात 0.71, सुरुवातच शून्यानं. भोगवटादाराच्या रकान्यात मी, दोन काका, एक आत्या आणि आजोबा. आजोबा 1994 साली वाशीमला आत्याच्या घरी वारले, सातबाऱ्यावर मात्र ठणठणीत आहेत. शेजारी, इतर अधिकाराच्या रकान्यात, सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा.

“सगळ्या खातेदाराइची संमती लागन.”

“आजोबांची पन?”

“नाव हाय ना त्याइचं?”

आता कोऱ्या सातबाऱ्याचं बघू. वऱ्हाडात राहून ज्यानं हे दोन शब्द ऐकले नाहीत, त्यानं हात वर करावा. दर निवडणुकीला, दर मोर्च्यात, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून आणि भाड्याच्या भोंग्यातून आम्हाला तो मिळणार असतो. ही शेतकऱ्याच्या भल्याची गोष्ट आहे, असा माझा आजवर गैरसमज होता. आता उलगडलं की हा तुरुंगसुधारणेचा कार्यक्रम आहे. कर्जमाफी झाली की बोजा उतरतो, बोजा उतरला की सातबारा कोरा होतो, सातबारा कोरा झाला की मेहुण्याची जमानत घेता येते. म्हणजे सोयाबीनला भाव मिळाला तर केबलचोर सुटतो, बोंडअळी आली तर आतच राहतो. न्यायदानाची इतकी पर्जन्याधारित व्यवस्था दुसऱ्या देशात असेल असं वाटत नाही. तारीख देताना यापुढं पावसाचा अंदाज विचारात घ्यावा. पेरण्या साधल्या तर पुढची पेशी ऑक्टोबरात, दुबार पेरणी असेल तर उन्हाळ्यात. आणि ज्याच्याकडं वावरच नाही? त्याचे सोयरेही त्याच्यासारखेच, कुणी हमाल, कुणी सालगडी, कुणी वीटभट्टीवर. गड्याच्या एका चुलतभावाला सरकारनं भूमिहीन म्हणून जमीन दिली होती. तो बिचारा पन्नीत गुंडाळून सातबारा घेऊन आला, याच जिल्ह्याचा, वर बोजा नाही. बाबूंनी कोपऱ्यात दाखवलं, भोगवटादार वर्ग 2. कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, मग जप्त काय करणार?

“सरकारनंच देलेली हाय जी ही,” तो म्हणाला.

“मंग सरकारलेच जमानतदार घ्या.”

बाबू गमतीत म्हणाले, पण तशी योजनाही आहे. गरीब कच्च्या कैद्यांच्या जामिनासाठी मदत, 2023 पासून. त्यासाठी जिल्ह्यात समिती बसते. ती बसेपर्यंत माणूसही आत बसतो.

ज्या कायद्याखाली हे चालतं, त्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 531 कलमं आहेत आणि एकातही सातबारा हा शब्द नाही. रक्कम बेताची असावी, माणसाची परिस्थिती पाहून ठरवावी, एवढं आहे. जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीनदार देता आला नाही तर तो गरीब आहे असं धरून चाला, हेही आहे. केबलची चोरी त्यात बसत नाही, म्हणून आमचा गडी गरीब धरला गेला नाही.

शेवटी बाहेर आलो. कडुनिंबाखाली, झेरॉक्सच्या टपरीला लागून, एक बुढा बसला होता. मांडीवर कापडी थैली. थैलीत आधार, दोन फोटो आणि सातबारा. याच जिल्ह्याचा, एकट्याच्या नावाचा, इतका कोरा की इस्त्री करून ठेवल्यासारखा.

“साडेतीन हजार. तुमी बरे मानूस दिसता, तीन द्या.”

याआधी किती जणांची जमानत घेतली ते लिहून द्यावं लागतं, 2006 पासून तसं कलमच आहे. बुढ्यानं लिहून दिलं, एकाचीही नाही. जिन्यात त्यानं मला आरोपीचं नाव विचारून घेतलं, दोनदा. वर गेल्यावर विचारणा झाली, “वळखता काय याले?”

“लहान होता तवापासून, साहेब.”

माझी बारा वर्षांची ओळख बाद, त्याची बारा मिनिटांची मंजूर. मी हसणार होतो, पण शेजारी गड्याची बायको उभी होती आणि तिच्या पदराच्या गाठीतून ते तीन हजार सुटत होते. शंभराच्या नोटा, काही पन्नासच्या, काही वीसच्या चिकटलेल्या. कापूस वेचायची मजुरी आमच्याकडं किलोला दहा रुपये धरा. तीनशे किलो कापूस झाला. वाकून, बोटं सोलवटून वेचलेला तीनशे किलो कापूस एका खोट्या ओळखीला, कारण खऱ्या ओळखीचा जिल्हा चुकला. जामीनदार कशासाठी, तर माणूस पळू नये म्हणून. हा कुठं पळणार? बडनेऱ्याच्या टेसनापलीकडचं जग त्यानं पाहिलेलं नाही. देश सोडून जे पळाले, त्यांच्यातला एकही सातबारा नव्हता म्हणून पळाला, असं ऐकिवात नाही. 2022च्या अखेरीस देशभरच्या तुरुंगांत 5,73,220 माणसं होती, त्यातली 4,34,302 कच्ची. खटला संपलेला नाही, गुन्हा शाबीत नाही. यातल्या कितींचा जामीन झालेला होता आणि कागद तेवढा अडला होता, ते कोण सांगणार? आमचा गडी जमानत झाल्यावर तेवीस दिवस आत होता. हे तेवीस दिवस कुठल्या गुन्ह्याचे, ते मला एकाही बाबूनं सांगितलं नाही. मी विचारलं होतं. आवाज चढवून विचारलं होतं. त्यावर शिपायानं मला बाहेर बसायला सांगितलं.

चोविसाव्या दिवशी सांजच्याला गडी घरी आला. चहा घेतला, बशीतला. बराच वेळ काही बोलला नाही. जाताना दारात थांबला.

“दादा, आजाचं नाव तेवढं कमी करून ठेवा. लय तारखा हायेत मले, पुन्हा लागन.”

सोमवारी फेरफाराचा अर्ज घेऊन गेलो. सोबत आजोबांच्या मृत्यूचा दाखला, वाशीमचा. 1994 साली वाशीम अकोला जिल्ह्यात होतं, 1998 साली वेगळं निघालं. टेबलामागच्या साहेबांनी दाखला उलटापालटा केला आणि त्यावर बोट ठेवलं.

“जिल्हा कोनचा?”